रुपाबाईंचा काळा-पांढरा फोटो

"सर, लय वाईट झालं जी रुपाबाईचं."

शेतकरी ओळखपत्रासाठी अंगठा द्यायला बसलेला म्हातारा असं म्हणाला आणि जगदेवने माउसवरचा हात काढला. शेलूबाजारच्या स्टँडसमोरच्या त्याच्या ऑनलाइन सेंटरमध्ये सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. सर्व्हर बसला होता आणि माणसं मात्र उठायला तयार नव्हती.

"काय झालं रुपाबाईले?"

"गेली ना थे. तुमीच त टाकलं काल. माह्या जावयाच्या मोबाईलवर आलं."

जगदेवने मोबाईल उघडला. नाट्यकर्मींच्या ग्रुपवर त्यानेच टाकलेला रुपाबाईंचा फोटो होता आणि त्याखाली, बोट सरकवून दुखेल इतकी, एकामागून एक भावपूर्ण श्रद्धांजली. हात जोडलेले, पणत्या लावलेल्या, फुलं वाहिलेली. ज्या माणसांना नाटकाची बातमी पाठवली तर अंगठासुद्धा उचलवत नाही, ती सगळी आज जागी झाली होती.

त्याने टाकलं होतं ते परीक्षण होतं. ‘वऱ्हाडी पडदा’ ही त्याची वेबसाइट. मुलीने, योगिनीने, पुण्याला नोकरीला जाण्याआधी बनवून दिलेली. जिल्ह्यात कुठे नाटक लागलं, कुठे दंडारीचा खेळ झाला, कोणत्या मंडळात काय बसतंय, हे सगळं तो दुकान सांभाळून त्यावर लिहायचा. धरमसिंग नावाचा एक चांगला नट गेला तेव्हा त्याच्यावर कुणी कधी चार ओळी लिहिल्याचं सापडेना. जगदेवच्या मनाला ते फार लागलं. माणूस जिवंत आहे तोवर त्याच्यावर लिहायचं, एवढ्यासाठी तर हा सगळा उपद्व्याप.

पण परीक्षण हवं होतं कुणाला? मंडळांना फोटो हवा असायचा, आणि फोटोखाली सगळ्यांची नावं, मंडपवाल्यासकट. एकदा त्याने लिहिलं होतं की नायकाने मरतानाच्या प्रसंगात तरी तोंडातला खर्रा थुंकायला हवा होता. दुसऱ्या दिवशी नायकाचे भाऊ दुकानात येऊन बसले होते. लेख त्यांनीही वाचला नव्हता. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

आणि रुपाबाईंवरचा लेख त्याने जीव ओतून लिहिला होता. ऊसतोडीला गेलेल्या मुलाची वाट पाहणारी आई त्या करायच्या. एका प्रसंगात त्यांना एकही वाक्य नव्हतं. नुसतं सूप घेऊन बसायचं आणि खडे निवडायचे. रिठदच्या खेळात त्या तशा बसल्या आणि शेंगदाणेवालासुद्धा ओरडायचा थांबला. हे सगळं त्याने लिहिलं. फोटो मात्र हॅलोजनमुळे हिरवागार आला होता, म्हणून त्याने तो काळा-पांढरा करून टाकला. तेवढंच चुकलं. वयस्कर माणसाचा काळा-पांढरा फोटो ग्रुपवर आला की इकडे कुणी खालचं वाचत बसत नाही, आधी हात जोडतात.

"बाई सुखरूप आहेत, कृपया लेख उघडून वाचावा," असं त्याने घाईघाईने टाकलं. त्याच्याखालीही एकाने हात जोडले. आज संध्याकाळी याच नाटकाचा आसेगावला खेळ होता. मंडळ उदयसिंगचं. त्याला फोन लावला तर सारखा एंगेज. मेसेज पाठवला, तो त्याने पाहिलाच नाही. जगदेवला वाटलं, हा मोबाईल उचलावा आणि समोरच्या नालीत टाकावा.

दुपार कलली तशी दारात काळीपिवळी जीप थांबली आणि पिशवी सावरत रुपाबाई उतरल्या. आसेगावला त्याच्याच गाडीवर जायचं ठरलेलं होतं. दुकानातले दोघे-तिघे उठून उभे राहिले. म्हातारा तर भिंतीला टेकला.

"काहून जी सर? काय झालं? गाडीतबी एक बाई माह्याकडं टकमक पाहून राह्यली होती."

"तुमचा फोन कुठं हाये?"

"चार्जर बिघडलं त्याचं. घरीच हाये."

जगदेवने सांगितलं. सांगताना त्याचा आवाज चढला, मग फाटला. रुपाबाई आधी खूप हसल्या. मग पदराने तोंड पुसत स्टुलावर बसल्या.

"काय काय लिवलं लोकायनं? वाचा ना."

"लेख वाचू?"

"थो मंग. आधी हे वाचा."

तो वाचू लागला. थोर कलावंत. वऱ्हाडची माय गेली. अभिनयाची शाळा.

"हे कोनाचं?"

"प्रसेनजित."

"अगं बया! त्याच्या मंडळानं त मले किती सालापासून बोलावलं नाही. म्हने बाईले आता दिसत नाही." त्यांनी पिशवी उचलली. "मेल्यावर लय चांगली झाली मी. चला, उशीर होते."

लेख वाचायचा राहूनच गेला.

दहानंतर भोंगा बंद करावा लागतो म्हणून हल्ली नाटकं उन्हं उतरली की सुरू होतात. ते पोहोचले तेव्हा मंडप भरला होता. स्टेजवर खुर्ची, खुर्चीवर तोच फोटो आणि फोटोला झेंडूचा हार. पाहुणे माइकवर बोलत होते. "रूपालीताईंचं एकही नाटक मी सोडलं नाही," असं ते म्हणत होते. मग दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगण्यात आलं आणि सगळा मंडप उठला.

जगदेव पुढे धावणार तोच रुपाबाईंनी त्याची बाही धरली.

"मधात नोका बोलू, सर. लोक उभे हायेत."

आणि डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून त्याही उभ्या राहिल्या. आजूबाजूच्या बायका डोळे मिटून होत्या. जगदेवला एवढा राग त्याच्या आयुष्यात आला नव्हता, आणि तो कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं.

पडद्यामागे त्यांना पाहून आधी चंदा किंचाळली. ही दर खेळाला आडून वाक्यं सांगणारी मुलगी. सगळं नाटक तिला पाठ, म्हणून आईचं काम सकाळी तिच्या गळ्यात पडलं होतं. केसांना पांढरा रंग लावून बसलेली ती पोर रुपाबाईंच्या गळ्यात पडून रडली आणि लगेच लुगडं सोडू लागली.

"थांब," उदयसिंग म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "बाई, तुमी आल्या, लय बेस झालं. देवाची किरपा. पन आता पाहुन्यायनं हार घातला, भाषन केलं. थे समोरच बसले हायेत. तुमी एकदम स्टेजवर दिसल्या त त्यायची काय इज्जत राहीन? गावाचा सभामंडप त्यायच्याच निधीतून होऊन राह्यला."

"अन् बाईची इज्जत?" जगदेव ओरडला. "जिवंत मानूस समोर उभं हाये, उदयसिंग!"

"तुमीच टाकलं ना सर थे? आमी बाईले फोन लावला, बंद आला. आमाले काय सपन पडलं होतं?"

जगदेव रुपाबाईंकडे वळला.

"एक खेळ त जाऊ द्या, बाई," उदयसिंगने हात जोडले.

"एक खेळ म्हन्ता," रुपाबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता. "सालातून दोनदाच त भेटते मले हा खेळ. रिठदले एकदा अन् इथं एकदा."

 बाहेर पेटीवाल्याने नांदी सुरू केली. चंदा अर्धं सुटलेलं लुगडं धरून एकदा रुपाबाईंकडे, एकदा उदयसिंगकडे पाहत राहिली. शेवटी रुपाबाईंनीच पुढे होऊन तिच्या निऱ्या नीट खोचल्या, पदर डोक्यावरून ओढला आणि थोडा मागे सारला.

"कपाळ दिसू दे. लोकायले तोंडच नाही दिसलं त काय पाहातीन थे? अन् खडे निवडताना घाई नोको करू."

मग त्या जाऊन बायकांमध्ये बसल्या. जगदेव त्यांच्यामागे खांबाला टेकून उभा राहिला. लिहायला त्याने खिशातून काहीच काढलं नाही. चंदाने काम वाईट केलं नाही. खडे निवडायच्या प्रसंगात ती जरा लवकर उठली, पण बायका रडल्या. रुपाबाईंनी एकदाही मान वळवली नाही. पाहुणे मध्येच उठून दुसऱ्या कार्यक्रमाला निघून गेले, तेव्हा जगदेवने नुसती मूठ आवळली. आता ते गेले होते, पण आता काय उपयोग?

खेळ संपला. माणसं चपला शोधत, पोरं कडेवर घेत निघाली. स्टेजवरून कुणीतरी हार घातलेला फोटो खुर्चीसकट उचलून नेला. एक बाई जाता जाता थांबली, रुपाबाईंच्या तोंडाकडे निरखून पाहू लागली.

"तुमी रुपाबाईच्या कोन जी? बहीन हा का?"

जगदेव झटकन पुढे सरकला. दिवसभर त्याला जे सांगायचं होतं ते ऐकायला आता एक तरी माणूस समोर उभं होतं. पण रुपाबाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "लहान बहीन."

"वाटलंच मले. चेहरा अस्सल तसाच हाये." बाईने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "लय चांगलं काम करे जी थे. आमी तिच्यासाठीच येत जाओ."

"करे खरं," रुपाबाई म्हणाल्या. "चांगलं करे."

आणि बाईने हात सोडेपर्यंत त्यांनी ते तसेच राहू दिले.