दीप्तीच्या कानांवरचा मी

मी इअरमफ बोलतोय. गाणी ऐकवणारा हेडफोन नव्हे. ड्रिल मशिन चालवणाऱ्यांच्या कानांवर असतो ना, तो. पिवळा, जाडजूड. घाटकोपरच्या हार्डवेअरच्या दुकानातून मालनने मला आणलं, तिच्या लेकीसाठी.

लेक दीप्ती, तेवीस वर्षांची, ऑटिस्टिक. मिक्सर लागला की पाती आपल्या डोक्यातच फिरतायत असं तिला व्हायचं. मी कानांवर बसलो आणि ती पहिल्यांदाच स्वयंपाकघरात उभी राहून निवांत चहा प्याली. बाहेर लोक वळून बघायचे. बघू देत!

मग तिला मुलुंडच्या एका समुपदेशकाकडे नेलं. "माझ्या डोळ्यांत बघ," तो म्हणाला. दीप्ती टेबलाकडेच बघत राहिली. त्याने मला तिच्या डोक्यावरून हिसकावलं. "जग तुझ्यासाठी गप्प बसणार नाहीये!" म्हणत अर्धवट उघड्या ड्रॉवरमध्ये कोंबलं. दीप्ती किंचाळली, तर हा तिचे हात आवळून म्हणतोय, "शांत हो." आवळून! मला हात असते ना...

त्यानंतर दीप्तीचं बोलणंच बंद झालं. हा मात्र मालनला म्हणतो कसा, "मुलगी सहकार्यच करत नाही."

पुढे नाहूरला शर्मिष्ठा भेटली. तीही समुपदेशकच. "पंखा बंद करू? समोर बसू की बाजूला?" तिने आधी विचारलं. मला बोटही लावलं नाही. दीप्ती फोनवर टाइप करून उत्तरं द्यायची. बऱ्याच भेटींनंतर एकदा तोंडाने बोलली.

"लहानपणी थेरपी सेंटरमध्ये पण धरायचे मला. हात हलले की दाबून ठेवायचे."

मालन बाजूलाच होती. "तुझ्या बऱ्यासाठीच ना गो!"

"मी ओरडत होते, आई. तू बाहेर बसली होतीस."

मालनने शर्मिष्ठाकडे पाहिलं. शर्मिष्ठा काही तिच्या मदतीला धावली नाही.

"आत येऊ नका म्हणाले ते," मालनचा आवाज फाटला. "यायला पाहिजे होतं मी."

"हो. पाहिजे होतं."

"इथे रागावलं तरी चालतं, दीप्ती," शर्मिष्ठा म्हणाली.

दीप्ती रागावली. उशीवर बुक्के मारत पोटभर ओरडली. कुणी तिला धरलं नाही. मालन रडत होती, पण जागची हलली नाही.

आता माझा फोम झिजलाय, एक बाजू सैल पडलीय. दीप्ती नवा घेणार आहे. खुशाल घे, बाई. पण मुलुंडचा तो अजून त्याच खुर्चीत बसलाय. तुमचं पोर तसल्याकडे नेलंत आणि आतून ओरडणं ऐकू आलं, तर कुणाची परवानगी मागत बसू नका. दार उघडा.