हाताचा गुण

खोटं बोलावं तर बद्रीनाथनं! लासूर स्टेशनच्या धान्याच्या मोंढ्यात आयुष्यभर दुकान चालवलं, मापात कधी पाप केलं नाही. आणि आता म्हातारपणी डॉक्टरसमोर बसला की हा माणूस अशा काही थापा मारायचा, की शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोला, द्वारकाबाईला, उठून त्याचं तोंडच दाबावंसं वाटायचं.

डॉक्टर म्हणजे लाइबा. मोंढ्यात बद्रीनाथच्या दुकानाला लागून दाऊदभाईचं दुकान होतं, त्याची ही धाकटी लेक. दाऊदभाई गेला तेव्हा ती अजून शिकत होती. शिकून तिनं शहरात दवाखाना टाकला, तर सुरुवातीला नुसती माश्या मारायची पाळी. "कालची पोर, तिला काय कळतंय," असं लासूरचीच माणसं म्हणायची. ते बद्रीनाथच्या जिव्हारी लागलं. त्याचं हृदय अशक्त झालंय असं निघालं, तेव्हा मोठमोठे दवाखाने सोडून तो हट्टानं लाइबाकडंच गेला. तिच्या गोळ्यांनी खरंच उतार पडला, दम लागायचा थांबला. मग काय विचारता! गावभर एकच टेप. "पोरीच्या हाताला गुण हाय!" दर खेपेला पॅसेंजरमध्ये कुणी ना कुणी नवा पेशंट त्याच्यासोबत असायचा.

उन्हाळा लागला आणि बद्रीनाथची तब्येत परत उतरणीला लागली. ताटात अर्धी भाकर राहायला लागली. दुकानापर्यंत जाताना मधेच लिंबाखाली बसावं लागायचं. रात्री आडवं झालं की जीव घाबरायचा, म्हणून पाठीला एकावर एक उशा रचून तो बसल्या बसल्याच डोळे मिटायचा.

"आतून सगळं उतरल्यावानी वाटतंय," त्यानं एकदा स्वतःच कबूल केलं. "मागच्या महिन्यात असं नव्हतं."

"मग हेच त्या पोरीला सांगा की!"

"येडी हायेस का? बाहेर बाकड्यावर आपल्याच गावची माणसं बसलेली असतात. मीच बरा नाय म्हणल्यावर ती काय म्हणतील? पोरीच्या हाताला गुण नाय. दाऊदच्या लेकीचा दवाखाना मीच बंद पाडू व्हय?"

ह्या माणसाला काय म्हणावं! द्वारकाबाई रागानं नुसती भांडी आपटत राहिली. पुढच्या तारखेला गाडीत बसल्याबरोबर तिनं सांगून टाकलं, "आज तुम्ही नाय बोललात तर मी बोलणार."

बद्रीनाथ खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाला, "बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

द्वारकाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. चारचौघांना पुरून उरणारी बाई ती, पण शपथेला भ्यायची. आजकालची पोरं शपथेला हसतात, हसू देत. नवऱ्याच्या जिवाची शपथ आणि तीही आजारी नवऱ्यानं घातलेली. ती मोडायची कुणाची छाती आहे?

दवाखाना भरलेला होता. लाइबानं रिपोर्ट बघितले, छातीला नळी लावून ऐकलं, पायांची सूज तपासली. सूज नव्हती.

"काका, कागद तर चांगले आहेत. पण कागदाला उशिरा कळतं, माणसाला स्वतःला आधी कळतं. म्हणून मी दर वेळी विचारते. मागच्या वेळेपेक्षा बरं वाटतंय, तसंच आहे, का कमी झालंय?"

"लई बरं!" बाहेर बाकड्यावर ऐकू जाईल असा आवाज त्यानं लावला. "काल बाजारात पायी जाऊन आलो."

"काकी, तुम्ही सांगा."

नवरा द्वारकाबाईकडं रोखून बघत होता. शपथही मोडू नये आणि पोरीला कळावंही, असं काहीतरी ती शोधत होती.

"आमच्या घरी हल्ली उशा लई लागतात, बाई."

लाइबाची मान झटकन वर आली. "उशा? कुणाला? काका, आडवं झोपता येत नाही का तुम्हाला?"

"अगं, शेंद्र्याहून नातवंडं आलीत!" बद्रीनाथ हसला. "दिवसभर उशांनी मारामाऱ्या."

नातवंडं दिवाळीनंतर फिरकली नव्हती.

"खरं का, काकी?"

एक शब्द पुरला असता. द्वारकाबाईनं मान हलवली, हो म्हणून.

घरी पोचेपर्यंत बद्रीनाथच्या ओठांचा रंग उडाला होता. तो उशांना टेकून बसला आणि द्वारकाबाईला आता राहवेना. फोन घेऊन ती मागच्या दारी गेली. पदर तोंडाशी धरून तिनं लाइबाला सगळं सांगितलं. भाकर, लिंब, उशा, सगळं.

"काकी, मी गाडी घेऊन स्वतः निघते. त्यांना बसवूनच ठेवा."

द्वारकाबाई आत आली. बद्रीनाथनं चहा मागितला. ती चहा घेऊन परतली तेव्हा त्याची मान एका बाजूला कलली होती. लाइबाची गाडी दारात लागली तेव्हा बायकांनी घर भरून गेलं होतं.

पुढचे दिवस माणसं येत राहिली. शेजारची साळूबाई हळहळत म्हणाली, "त्या डॉक्टरणीच्या हाताला गुणच नव्हता."

"गुण होता!" द्वारकाबाई कडाडली. "हेच खोटं बोलले! त्या पोरीला नावं ठेवाल तर बघा!"

"दुःखानं भ्रमिष्ट झालीय बिचारी," म्हणत बायकांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. कुणाला पटलं नाही. पोरीच्या ज्या नावासाठी तो माणूस महिनाभर खोटं बोलला, ते त्याच्या मरणानं एका दिवसात मातीत गेलं.

लाइबा आली ती ओसरीवर द्वारकाबाईजवळ टेकून बसली. द्वारकाबाईनं तिला सरळच विचारलं.

"मी बोलले म्हणून गेले का गं हे? त्यांनी शपथ घातली होती."

"काकी, शपथेनं कुणी मरत नाही."

"मग उशिरा बोलले म्हणून गेले."

लाइबानं मान खाली घातली. खोटं बोलणं तिला जमलं नाही.

"म्हणजे इकडून मीच आणि तिकडूनही मीच," द्वारकाबाई म्हणाली.

लाइबाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. काय करावं ते न कळून तिनं द्वारकाबाईचं मनगट हातात घेतलं. "तुम्हाला कसं वाटतंय, काकी?"

"बरं नाय." ओसरीवरच्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं द्वारकाबाई बोलली. "मागच्या महिन्यापेक्षा लई वाईट हाय, पोरी."

लाइबाच्या बोटांखाली नाडी मात्र, काकांच्या त्या कागदांसारखीच, अगदी नीट चालली होती.