तीन पेल्यांचा साचा

मी पावाचा साचा बोलतोय. भट्टीशेजारच्या फळीवर माझ्यासारखे साठ जण पालथे पडलेले असतात. पण गल्ल्याजवळ मांडलेला, गिऱ्हाइकांना दाखवायचा साचा मी एकटाच. त्या मानाचीच मला आता लाज वाटते.

थोरल्या मालकांनी मला पत्र्यातून स्वतः वाकवले. मग मुलाच्या हाती पेला देऊन माझ्यात पाणी ओतायला लावले. बरोबर तीन पेले मावले. "माप म्हणजे आपला शब्द, बाळा," ते म्हणाले होते.

पुढे रस्त्यावरच्या घरांवर मजले चढले, एकेका खोलीत दोन-दोन संसार आले. ज्या रानांतून गहू येई, तिथेही इमारती उभ्या राहिल्या. पावाची रांग कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली. पिठाची पोती मात्र तेवढीच, आणि तीही महाग. माणसे वाढली हा कुणाचा गुन्हा आहे, असे मी म्हणणार नाही. आता मालक झालेल्या त्या मुलाची अडचण खरी होती. त्याने ती उघड सांगितली असती, तर रांगेने कुरकुरत का होईना, वाटून घेतली असती. त्याने मात्र आम्हा सगळ्यांच्या पोटात, तळापासून बोटभर वर, दुसरा पत्रा बसवून घेतला. भाव तोच ठेवला.

परवा शिवणकाम करणाऱ्या आजी सुनेला घेऊन आल्या. गळ्यात टेप होती.

"काय हो, पाव लहान केलात का? पूर्वी सगळ्यांचं भागून रात्रीला चार काप उरायचे. आता डबा रिकामा! ही म्हणते, पावच लहान झालाय."

"अहो आजी, साचा वडिलांच्या हातचा! मोजा की तुम्हीच. तुमच्या टेपला कोण फसवणार?"

आजींनी माझी लांबी मोजली, रुंदी मोजली. जन्मभर कापड मोजलेला हात तो. खोलीकडे वळलाच नाही.

"तंतोतंत! आता बोल, साचा खोटा की तू?"

"आई, शप्पथ, मी एक तुकडासुद्धा..."

"मांजर निदान डोळे मिटून पितं गं. तू तर डोळ्यांत बघून सांगतेस!"

रांगेत कुणीतरी हसले. सुनेने माझ्या तळाकडे हात घातला, तोच मालकाने मला उचलले. "सरका पुढे, मागे लोक खोळंबलेत." ज्या हातांनी तो पेला धरला होता, तेच हे हात.

काल आजी एकट्याच आल्या. "डब्याला कुलूप घातलंय. बघू आता कशी खाते!" मालक हसला आणि पाव बांधू लागला. कुलूप लावूनही काप उरणार नाहीत, हे आम्हा दोघांनाच ठाऊक आहे.

मला तोंड आहे, पण ते फक्त मोजण्यापुरते. म्हणून तुमच्यापैकी कुणी या रांगेत असाल, तर आजी आल्या की तीन पेले पाणी मागा. सर्वांदेखत माझ्यात ओता. तिसरा पेला पुरता मावणार नाही. तो सांडू द्या. ओघळ आजींच्या पायांपर्यंत जाऊ द्या.