गैरहजेरीचा शेरा

सरकारी कार्यालयात एक माणूस रजेवर गेला की त्याचं काम शेजारच्या टेबलावर येतं. २००२च्या जानेवारीत शिरूरच्या एका कार्यालयात महेंद्रचं काम साहेबरावांकडे आलं आणि ते चिडले. महेंद्र नोकरी सांभाळून प्रादेशिक सेनेत होता. एरवी प्रशिक्षणापुरता जायचा. या वेळी सीमेवर जायचं बोलावणं आलं होतं.

"नोकरी हितली आन् शिपाईगिरी तिकडं," असं पुटपुटत साहेबरावांनी हजेरीपत्रकात त्याच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं. महिनाभरात पलटणीचं पत्र आलं : शेवटच्या पगाराचा दाखला पाठवा, म्हणजे महेंद्रचा पगार पलटणीकडून थेट घरी यायला लागेल. साहेबरावांनी ते फायलींखाली सारलं. महेंद्रची बायको तेजश्री दोनदा चौकशीला आली. दोन्ही वेळा त्यांनी "साहेब दौऱ्यावर आहेत" असं सांगून तिला परत पाठवलं. साहेब आतच बसलेले होते.

एप्रिलमध्ये साहेबराव पाहुण्यांकडे सणसवाडीला गेले. एका कारखान्याची पाळी सुटत होती. फाटकाशी तेजश्री भिंतीला टेकून उभी होती. तिला सातवा महिना होता. साहेबरावांनी नजर चुकवली, पण तिनं ओळखलं.

"भाऊसाहेब, तुम्ही हिकडं?"

"पाहुण्यांकडं आलो होतो. तू इथं कामाला?"

"व्हय, पॅकिंगला. दिवसभर उभं ऱ्हावं लागतं, पाय सुजत्यात."

"महेंद्रला कळवलंस का?"

"न्हाई. पगार येळंवर येतोय आसंच लिहिते. तिकडं त्यांच्या जिवाला हिकडचा घोर नको."

दाखल्याचं तिनं विचारलंच नाही. साहेबरावांना तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्यालयातले जुने शिपाई रखमाजी यांना सगळं सांगितलं. "आबा, चूक झाली माझ्याकडून."

रखमाजी म्हणाले, "चूक नकळत व्हते, भाऊसाहेब. कागद तर तुमी हातानं दाबला. त्यो आपल्यासाठी तिकडं उभा हाय, आन् त्याला गैरहजर लिवलं सावलीत बसणाऱ्यानं. आसल्या माणसाचा काळ नोकरीतच धरायचा, आसा नियम हाय. आन् नियम नसता तरी त्याचं घर कुणी बघायचं?"

साहेबराव उठले. साहेबांसमोर त्यांनी सारं कबूल केलं, शेरा बदलला आणि दाखला त्याच दिवशी स्वतः टपालात टाकला. त्यांना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी निमूट घेतली.

जुलैमध्ये मुलगी झाल्यावर महेंद्र सुट्टीवर निघाला. साहेबराव दौंड स्टेशनवर जाऊन थांबले. गाडीतून उतरलेल्या महेंद्रला त्यांनी फलाटावरच सगळं सांगितलं.

"मला तिनं यातलं काहीच लिवलं न्हाई," महेंद्र म्हणाला.

"म्हणून मीच सांगायला आलो."

महेंद्रनं ट्रंक उचलली. साहेबरावांनी हात पुढे केला, पण त्यानं ती दिली नाही. "चला, शिरूरची एसटी निघंल. मी पोरीला अजून बघितलं न्हाई."

माफी त्या दिवशी मिळाली नाही, आणि साहेबरावांनी मागितलीही नाही. आजारपण असो, बाळंतपण असो की सेनेचं बोलावणं, त्यानंतर त्यांच्या टेबलावरचा एकही दाखला दुसऱ्या दिवसावर गेला नाही.

देशाचा अभिमान आपण सगळेच बोलून दाखवतो. पण देशासाठी गेलेल्या माणसाचं घर आपल्या एका सहीवर चालत असतं. ती सही वेळेवर करणं हे उपकार नव्हेत. ते आपलं कर्तव्य आहे.