नावाआधीचा क्रूस

आमचं विद्यापीठ एवढंसं. चौदा नन्स, दोन फादर आणि एकच झेरॉक्स मशीन. त्या मशीनपुढच्या रांगेत सगळ्यांना सगळ्यांचं सगळं कळायचं. माझी फी माफ होती, त्या बदल्यात मी दुपारी चॅपलच्या कचेरीत काम करायचे. नोव्हेंबर हा मृतात्म्यांचा महिना. दारातल्या पेटीत मुलं प्रार्थनेसाठी नावांच्या चिठ्ठ्या टाकत आणि मी त्यांच्या दोन याद्या करी, जिवंतांची एक आणि मेलेल्यांची एक. मेलेल्याच्या नावाआधी छोटा क्रूस काढायचा, हा आमच्याकडचा रिवाज. काम इतकं सोपं की ते करताना मी मोबाइलवर मालिका बघायचे.

डेल्फा माझ्या खोलीत राहायची. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती, घर समोरच्या बेटावर, बाप मच्छीमार. आदल्या आठवड्यातल्या वादळात बेटावरचा टॉवर पडला होता आणि घरी फोन लागत नव्हता. आईबापाच्या, तिच्या नानाय-तातायच्या, काळजीनं तिनं पेटीत चिठ्ठी टाकली: रोसालिया + आन्सेल्मो पालाब्रिका. 'आणि' लिहायचा कंटाळा, म्हणून अधिकची खूण. आम्ही सगळेच वह्यांत तसं लिहितो. मी मात्र तो क्रूस धरला. रोसालियाला जिवंतांत ठेवलं आणि आन्सेल्मोला मेलेल्यांत.

बुधवारी दुपारच्या मिस्साच्या प्रार्थनेत फादरांनी दोन्ही याद्या वाचल्या. ते याद्या भाजीची यादी वाचावी तशा वाचतात, त्यामुळे कोणी ऐकत नाही. डेल्फानं ऐकलं.

बाहेर आल्यावर तिनं माझं मनगट धरलं.

"तेर्सी, यादी तूच लिहितेस ना? मी दोघांची नावं एका चिठ्ठीत टाकली होती. नानाय जिवंतांत आणि ताताय मेलेल्यांत, हे कसं?"

कसं ते मला त्याच क्षणी कळलं. पण सप्टेंबरात मी बिशपांना वाढदिवसाच्या यादीऐवजी अत्यवस्थांच्या यादीत घातलं होतं. फीमाफी बघणाऱ्या सिस्टर क्लोतिल्दांनी तेव्हाच बजावलं होतं, आणखी एक चूक झाली की फीमाफी बंद. मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते.

"मला काय ठाऊक? वरून येतं ते मी उतरवते."

"वरून?" ती म्हणाली.

तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसत होतं. आमच्याकडे परीक्षा तोंडावर असली की घरची वाईट बातमी मुलांना सांगत नाहीत. मागच्या वर्षी लोरेलिनची आई गेली. तिनं चार पेपर हसतखेळत दिले आणि पाचव्यानंतर सिस्टरांनी तिला ऑफिसात बोलावलं. डेल्फाची प्रात्यक्षिक परीक्षा दुसऱ्याच दिवशी होती.

ती थेट सिस्टर क्लोतिल्दांकडे गेली, मी मागोमाग. सिस्टरांच्या हातात उत्तरपत्रिकांचा ढीग होता.

"सिस्टर, माझ्या घरून काही निरोप आलाय का?"

"परीक्षा होऊ दे, मग बोलू," सिस्टर चालता चालता म्हणाल्या. नळ गळतोय म्हणून सांगायला गेलेल्या पोरीलाही त्या हेच म्हणतात. पण डेल्फाला वेगळं काही ऐकू येण्याची वेळ निघून गेली होती.

खोलीत येऊन तिनं पिशवी भरायला घेतली. काळा ब्लाउज नव्हता, माझा मागितला. मी दिला. तो द्यावासा का वाटला, याचा मला अजूनही संताप येतो.

"वारा बघ किती सुटलाय. उद्या परीक्षा आहे, वेडेपणा करू नकोस," मी म्हणाले.

"तू असतीस तर थांबली असतीस?"

"फेरी बंद आहे."

"मासळीच्या धक्क्यावरून दोनची छोटी बोट सुटतेय, मी विचारलंय." ती माझ्याकडे वळली. "तुला काही माहीत असेल तर सांग, तेर्सी. आत्ता सांग."

मी हिशोब केला: दोन तासांत घरी पोचेल, बापाला दारात बघेल, मला शिव्या घालेल. परीक्षा पुन्हा देता येते, गेलेली फीमाफी परत मिळत नाही.

"मला काही माहीत नाही," मी म्हणाले.

साडेतीनला चॅपलचं एक तावदान वाऱ्यानं फुटलं. संध्याकाळी तिचा फोन लागेना. बेटावर टॉवर नाही, म्हणून लागत नाही, असं मी जेवताना मुलींना तीनदा सांगितलं. त्यांनी विचारलंही नव्हतं.

सकाळी वारा पडला. नऊला परीक्षा सुरू झाली आणि दहाला पहारेकऱ्यानं मला फाटकावर बोलावलं. तिथं एक ठेंगणे गृहस्थ उभे होते, चपला ओल्या, हातात सुक्या मासळीची पिशवी.

"इंदाय, पोरी, डेल्फा पालाब्रिका इथंच राहते ना? मी बाप तिचा. फोन नाही, पोर काळजी करत बसली असेल. म्हटलं पहिल्या फेरीनं येऊन तोंड दाखवावं."

मी त्यांच्या ओल्या चपलांकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, लाजाळू पोर दिसते. मग तेच बोलत राहिले.

"धक्क्यावर नुसती रडारड आहे गं. कालची दोनची बोट पोचलीच नाही. शोधायला गेलेत. असल्या वाऱ्यात सोडणारे सोडतात कसे, आणि चढणारे तरी चढतात कसे? कोणाकोणाची लेकरं असतील."

तेवढ्यात सिस्टर क्लोतिल्दा तरातरा आल्या. "तेर्सी, डेल्फा परीक्षेला का नाही आली? कुठाय ती?"

तेव्हा मी सांगितलं. चिठ्ठी, खूण, यादी, कालचं माझं खोटं, सगळं एका दमात. "काका, तुम्ही गेलात असं मी चुकून लिहिलं. ती तुम्हाला शेवटचं बघायला घरी गेली."

सिस्टर भिंतीला टेकल्या. मला वाटलं, काका आता मला मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण माझ्या चुकीतलं त्यांच्यापर्यंत काहीच पोचलं नव्हतं.

"कुठल्या बोटीनं?" त्यांनी विचारलं.

त्यांनी पिशवी खाली ठेवली, माझ्या जवळ आले आणि अगदी हळू आवाजात, मी दुसरी एखादी वेळ सांगावी म्हणून विनवल्यासारखं, पुन्हा विचारलं, "इंदाय, किती वाजताच्या?"