फुकटचा वजीर

"बुद्धिबळात नशीब, वशिला, नातंगोतं काही चालत नाही. तिथे राज्य फक्त बुद्धीचं," असं बाबांनी सभागृहाच्या दारात खणखणीत आवाजात जाहीर केलं. मग थोरल्याला बाजूला घेऊन कुजबुजले, "धाकटीला जिंकू दे हं. लहान आहे ती."

बाबा शिंपी. एका कापडात दोघांचं भागवायची त्यांना सवय. पण जिल्ह्याच्या संघात जागा एकच उरली होती आणि शेवटच्या फेरीत नेमके बहीण-भाऊच समोरासमोर आले होते. मागे धाकटी हरली होती तेव्हा आठवडाभर घरात कोणी कोणाशी बोललं नव्हतं. तसला आठवडा बाबांना पुन्हा नको होता.

पालकांना आत मज्जाव. बाबा काचेला नाक लावून उभे राहिले.

विसाव्या खेळीला थोरल्याने आपला वजीर धाकटीच्या प्याद्याच्या तोंडी नेऊन ठेवला. धाकटीने दहा मिनिटं विचार केला आणि आपला हत्ती त्याच्या उंटापुढे सरकवला. थोरल्याने हत्तीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग दोघंही आपापला राजा एक घर पुढे, एक घर मागे फिरवत बसले.

"हिला दिसत नाही की काय?" बाबा पुटपुटले.

"दिसतंय," शेजारी उभी असलेली आई म्हणाली. "मीच सांगितलंय तिला. दादाचं या गटातलं शेवटचं वर्ष आहे, जरा समजून घे म्हणून."

"मग मला सांगायचं ना."

"तुम्ही सांगितलंत मला?"

तीच स्थिती पाचव्यांदा आली तेव्हा पंचांनी चष्मा पुसून बरोबरी जाहीर केली. अर्ध्या-अर्ध्या गुणाने दोघांचीही जागा हुकली. ती मिळाली तिसऱ्या पटावरच्या एका गोबऱ्या मुलाला, आणि अभिनंदन करायला आलेल्यांना तोच विचारत होता, कशाबद्दल?

मुलं बाहेर आली ती भांडतच.

"समोरचा वजीर घेता येत नाही तुला?"

"तू घेतलास हत्ती?"

मग दोघं एकदम थांबली आणि बाकावर अंग चोरून बसलेल्या आईबाबांकडे बघू लागली.

बाबांनी घसा खाकरला. "आमचं चुकलं बाळांनो. पण आईबापाचं काळीज म्हणजे..."

धाकटीने दप्तरातून गुंडाळलेला पट काढला.

"बाबा, तुम्ही दोघं जरा त्या टोकाला सरकता का? पट मांडायचाय."