माळ्यावरची मैत्रीण

नवरा बोटीबरोबर बुडाला आणि डॉर्कस ऍम्बलिन ऐन तरुणपणी एकटी पडली. शिवणकामावर पोट भरेना, म्हणून तिनं लंडनमधल्या एका खासगी तपास कचेरीत नोकरी धरली. पुरुष गुप्तहेराला दिवाणखान्यापलीकडे कुणी जाऊ देत नसे. बाईमाणूस मात्र मोलकरीण म्हणून, नर्स म्हणून कुठल्याही घरात आतवर शिरे. डॉर्कस या कामात तरबेज झाली.

त्या हिवाळ्यात तिला क्लॅपहॅमला लॅव्हरॉकांच्या घरी पाठवलं. त्यांचं तान्हं बाळ, ऑस्विन, उन्हाळ्यात डांग्या खोकल्यानं गेलं होतं. आता त्याच्या वस्तू एकेक करून नाहीशा होत होत्या. चांदीचा खुळखुळा गेला, लोकरीचे मोजे गेले, झालरीचं टोपडं गेलं. मिस्टर लॅव्हरॉकांचा संशय बाळाला सांभाळणाऱ्या टॅमसिनवर होता.

"पुरावा मिळू दे, पोलिसांतच देतो तिला," ते म्हणाले.

डॉर्कस शिवणकामाला म्हणून आली आणि माळ्यावर टॅमसिनच्याच पलंगावर झोपू लागली. टॅमसिन कॉर्नवॉलच्या कोळ्याची पोर, जिभेची तिखट.

"पाय आहेत का बर्फाच्या लाद्या! तिकडे घे की गं," ती खेकसायची आणि वर स्वतःची शालही डॉर्कसवर टाकायची.

कित्येक वर्षांत डॉर्कसशी कुणी असं अगं-तुगं करत बोललं नव्हतं. एकदा बोलता बोलता तिनं आपल्या नवऱ्याची गोष्ट सांगून टाकली. खोट्या नावानं राहूनही तेवढं तिनं खरं सांगितलं. ऐकता ऐकता टॅमसिनचे डोळे भरून आले.

"ऑस्विन माझ्या मांडीवरच गेला गं. बाईसाहेबांचा नुकता डोळा लागला होता. त्या काही बोलत नाहीत, पण बघतात कशा माझ्याकडे…"

डॉर्कसनं तिचा हात घट्ट धरला. पण कान मात्र एखादा शब्द चुकून निसटतोय का, तेच टिपत होते.

एका दुपारी मिसेस लॅव्हरॉक एकट्याच घराबाहेर पडल्या. धुक्यातून डॉर्कस त्यांच्या मागे गेली. चर्चच्या आवारात, छोट्या कबरीपाशी त्या गुडघ्यांवर बसल्या, स्वयंपाकघरातल्या पळीनं माती उकरली आणि बाळाचं फ्लॅनेलचं झबलं आत ठेवलं.

"थंडी वाढलीय ना रे राजा," त्या पुटपुटल्या.

त्या आईचं हे गुपित कुणालाच सांगायचं नाही, असं ठरवून डॉर्कस परतली. पण घरी वेगळंच घडलं होतं. मिस्टर लॅव्हरॉकांना टॅमसिनच्या पेटीत बाळाच्या टोपड्याची एक फीत सापडली होती. तिनं ती आठवण म्हणून ठेवली होती, पण कोण ऐकणार? पोलिसाला बोलावणं गेलं होतं.

मग डॉर्कसनं सगळ्यांसमोर तोंड उघडलं. आपण कोण आहोत आणि आपण काय पाहिलं, दोन्ही सांगितलं.

तेवढ्यात मातीनं भरलेल्या हातांनी मिसेस लॅव्हरॉक आत आल्या. नवऱ्याचा चेहरा बघून त्या समजल्या.

"या घरात त्याचं नाव काढायची चोरी," त्या शांतपणे म्हणाल्या. "मग त्याचं त्याला नेऊन द्यायचं कुणी?"

पोलिस आला, तेव्हा मिस्टर लॅव्हरॉकांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. पुढे पत्नीला त्यांनी समुद्राकाठी तिच्या बहिणीकडे पोचवलं. ती पुन्हा पहिल्यासारखी कधीच झाली नाही.

टॅमसिनला त्यांनी राहायला सांगितलं होतं. पण त्याच संध्याकाळी तिनं माळ्यावर आपली पेटी भरली. डॉर्कस दारात उभी होती.

"म्हणजे पहिल्या दिवसापासून?" टॅमसिननं विचारलं.

"हो."

"मी रडत होते तेव्हासुद्धा?"

खोटं बोलणं डॉर्कसच्या हातचा मळ होता. पण या वेळी तिला ते जमलं नाही.

"तेव्हासुद्धा ऐकत होते. पण टॅमसिन—"

"नवरा बुडाला म्हणालीस, तेही थापच ना?"

"ते खरं आहे गं."

"आता मला कसं कळायचं ते?" टॅमसिननं पेटीचं झाकण आपटलं. "तुरुंगातून वाचवलंस, उपकार झाले. पण मला आधी सरळ विचारलं असतंस, तर ती फीत मीच दाखवली असती."

डॉर्कस पेटीला हात लावायला गेली, तशी टॅमसिननं पेटी ओढून घेतली आणि ती पायऱ्यांवर आदळत एकटीच जिना उतरली.

डॉर्कस स्वयंपाकघरात आली. स्वयंपाकिणीनं तिच्यापुढे चहा ठेवला, आणि स्वतःचा कप उचलून ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसली.